रूढीच्या उंबरठ्यावरचा शिवभक्त : भागोजीशेठ कीर

आज महाशिवरात्र. पहाटेपासून माहीम-दादरच्या लहानमोठ्या शिवालयांपुढे बेलाची पाने, पांढरी फुले आणि दुधाचे तांबे हाती घेतलेल्या भाविकांच्या रांगा लागल्या असतील. घरोघरी उपवासाची रताळी शिजत असतील, कवठाची चटणी वाटली जात असेल. या रांगांत उभे राहणाऱ्या कोणालाही आज आपली जात सांगावी लागत नाही. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, एके काळी ती तशी नव्हती याचेही आपल्याला विस्मरण झाले आहे. म्हणून आजच्या पर्वणीला अशा एका शिवभक्ताचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले, की ज्याचा जन्म महाशिवरात्रीचा, ज्याचे देहावसानही महाशिवरात्रीचे, आणि ज्याचे नाव माहीमच्या एका रस्त्याला आहे. ते नाव भागोजी बाळोजी कीर.

माहीमला दात्यांच्या नावांचे नवल नाही. ज्या लेडी जमशेटजी मार्गावरून आपण रोज ये-जा करतो, त्या पारशी साध्वीच्या देणगीतूनच माहीमची खाडी ओलांडणारा मार्ग उभा राहिला आणि १८४५ साली तो लोकांसाठी खुला झाला. भागोजीशेठही दातेच. शिवाजी पार्कच्या समुद्रकाठची हिंदू स्मशानभूमी त्यांच्या औदार्याने झाली, एवढे दादर-माहीमच्या जुन्या माणसांना ठाऊक असते. परंतु एखाद्याला दानशूर म्हटले की आपण मोकळे होतो; त्या माणसाच्या अंगी आणखी काय होते हे पाहण्याची तसदी घेत नाही. आमच्या मते भागोजीशेठांचे खरे मोठेपण त्यांच्या थैलीत नव्हते. सगळा गाव एका बाजूने बोलत असताना स्वतःच्या बुद्धीला विचारण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते, आणि ते धैर्य दानाहून दुर्मिळ आहे.

त्यांचा जन्म ४ मार्च १८६७ रोजी रत्नागिरीस एका गरीब भंडारी कुटुंबात झाला. भंडारी समाज कष्टाळू आणि शूर. माडावर चढून माडी काढावी, समुद्राशी झुंज घ्यावी, प्रसंगी हाती शस्त्र धरावे, अशी त्यांची परंपरा. इंग्रजी अमलाच्या आरंभी मुंबई बेटाच्या रखवालीस भंडाऱ्यांची पथके होती, आणि माहीमच्या माडांच्या वाड्यांशी तर या समाजाचे नाते फार जुने. मात्र शौर्य आणि कष्ट यांमुळे देवळातली पायरी वर चढत नसे. घरच्या दारिद्र्यामुळे भागोजीच्या शाळेचे हाल होते. झाडाखाली पडलेल्या उंडीच्या बिया वेचाव्यात, विकाव्यात आणि त्यातून शिक्षणाचा खर्च भागवावा, असा त्यांचा क्रम असे, असे सांगतात. बाराव्या वर्षाच्या सुमारास हा मुलगा तांडेलाची विनवणी करून समुद्रमार्गे मुंबईस आला, अशीही आठवण सांगितली जाते.

मुंबईत त्यांनी सुतारकामापासून आरंभ केला. पुढे पालनजी मिस्त्री यांच्या बांधकामाच्या पेढीशी त्यांचा संबंध आला आणि तो आयुष्यभराचा ठरला. मजूर, कारागीर, मुकादम, कंत्राटदार असे करीत ते त्या धंद्यात भागीदारीपर्यंत पोहोचले. याच शापूरजी पालनजी पेढीने पुढे १९३० साली मुंबई सेंट्रलचे स्थानक आणि १९३७ साली ब्रेबर्न स्टेडियम उभारले. या भरभराटीचा तपशील आम्ही येथे देत बसत नाही. कोकणातून रिकाम्या हाताने येऊन मुंबईत नशीब काढणारे पुष्कळ झाले. फक्त एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. गवंड्याला भिंत सरळ आहे की नाही हे चार शेजाऱ्यांना विचारून ठरविता येत नाही, त्याला ओळंबा सोडून पाहावे लागते. भागोजीशेठांचे सारे आयुष्य अशा कामात गेले होते.

संपत्ती आली तेव्हा त्यांना प्रथम आठवला तो शंकर. रत्नागिरीच्या किल्ल्यावर त्यांनी भागेश्वराचे सुंदर शिवालय बांधले. दगड त्यांच्या पैशाचा, कारागीर त्यांच्या पसंतीचे, आणि भक्ती तर त्यांचीच. परंतु पूजेचा प्रश्न आला की रूढी आडवी येई. ज्याने देऊळ बांधले, त्याला भंडारी म्हणून आपल्याच देवळात स्वहस्ते पूजा करण्याची मोकळीक नव्हती, अशी हकीगत रत्नागिरीत सांगितली जाते. वाचकांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावे : गाभाऱ्यात पिंडीवर अभिषेकाची धार धरली आहे, आणि ज्याच्या कष्टाच्या पैशातून तो गाभारा झाला तो गृहस्थ हात जोडून अंतरावर उभा आहे.

त्याला दूर उभे करणारे लोक दुष्ट होते असे मात्र कोणी समजू नये. ते आपल्यासारखेच होते. सोवळे पाळणारे, एकादशी करणारे, दारी आलेल्याला विन्मुख न पाठविणारे. त्यांतील कित्येकांना एकान्तात भागोजीशेठांविषयी आदर आणि कदाचित संकोचही वाटत असेल. पण प्रत्येकजण शेजाऱ्याकडे पाही. वडिलांनी केले म्हणून आपण करावयाचे, गाव करतो म्हणून आपण बोलावयाचे नाही, आणि चार लोक काय म्हणतील या धाकाने मनातला प्रश्न मनातच जिरवावयाचा. गतानुगतिकता म्हणतात ती हीच. यात आणखी एक गोम होती. आपल्या वरच्या पायरीवरच्याने आपल्याला अडविले तर तो अन्याय वाटे. खालच्या पायरीवरच्याला आपण अडविले तर तो धर्म वाटे. ब्राह्मणेतरही यातून सुटले नव्हते. वरच्याविरुद्ध तक्रार करणारे पुष्कळ असत. आपल्या खालच्यासाठी दार उघडणारा विरळा.

याच सुमारास स्वातंत्र्यवीर सावरकर रत्नागिरीत होते. १९२४ साली कारागृहातून सुटका झाली ती जिल्ह्याबाहेर न जाण्याच्या आणि राजकारण न करण्याच्या अटींवर. ही स्थानबद्धता १९३७ पर्यंत टिकली. त्यांनी समाजकारणाकडे मोर्चा वळविला आणि अस्पृश्यतेविरुद्ध गावोगाव, आळोआळी प्रचार मांडला. शाळांत सर्व मुलांना सरमिसळ बसवावे यासाठी झगडा, जुन्या विठ्ठलमंदिरात अस्पृश्य बांधवांनी कोठवर यावे यावर रणे, अशी ती वर्षे होती. एकेका पायरीसाठी सभा भरत आणि मोडत.

सावरकर आणि भागोजीशेठ यांची गाठ पडली ती या वातावरणात. दोघे स्वभावाने अगदी भिन्न. सावरकर बुद्धिवादी, विज्ञाननिष्ठ, व्रतवैकल्यांची चिकित्सा करणारे. भागोजीशेठ जुन्या वळणाचे भाविक, अल्पशिक्षित, शिवाच्या नावाने दिवस सुरू करणारे. सावरकरांच्या सहवासात राहून त्यांनी आपली भक्ती टाकली नाही, हे आम्हांस विशेष वाटते. रूढीच्या कळपातून निघून सुधारकांच्या कळपात शिरणे तुलनेने सोपे असते. भागोजीशेठांनी सावरकरांचा विचार जेवढा पटला तेवढा घेतला आणि आपला देव आपल्यापाशी ठेवला.

आता त्यांच्यापुढे दोन मार्ग होते. एक सरळ होता. ते श्रीमंत होते, गावाला देणग्या देत होते. त्यांनी आग्रह धरला असता, योग्य त्या मंडळींना प्रसन्न केले असते, तर त्यांच्यापुरता अपवाद होऊ शकला असता. शेठजींना पूजेचा मान मिळाला असता, भंडारी समाजाला अभिमान वाटला असता आणि गावाची घडीही विस्कटली नसती. पुष्कळ शहाण्या माणसांनी हाच सल्ला दिला असता. परंतु आपल्याला जे दार बंद होते ते उघडून घेऊन दुसऱ्यापुढे लावावयाचे, हे त्यांना रुचले नाही. त्यांनी नवे देऊळ बांधावयाचे ठरविले. हिंदू म्हणविणाऱ्या कोणालाही, मग तो ब्राह्मण असो, भंडारी असो, महार, चांभार वा भंगी असो, ज्या देवळाच्या केवळ मंडपात नव्हे तर गाभाऱ्यात जाऊन स्वहस्ते पूजा करता येईल, असे देऊळ. त्याचा भार त्यांनी स्वतःच्या शिरावर घेतला. हेच रत्नागिरीचे पतितपावन मंदिर.

१० मार्च १९२९ रोजी शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते कोनशिला बसली. सनातनी मंडळींत मोठी खळबळ उडाली. धर्म बुडाला, देव बाटला, ही भाषा आपल्याला ऐकून ठाऊक आहेच. याच अवधीत, २ मार्च १९३० रोजी, नाशकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि रामाची दारे अस्पृश्य बांधवांसाठी बंदच राहिली. म्हणजे भागोजीशेठ जे करीत होते, त्याच्या विरुद्ध काळाचा वारा किती जोराचा होता हे लक्षात येईल. आपण मागे सरलो तर कोणी दोष देणार नाही, उलट सुटकेचा निःश्वास टाकतील, हे त्यांना दिसत असलेच पाहिजे. बांधकाम चालू राहिले.

२२ फेब्रुवारी १९३१. महाशिवरात्र होऊन जेमतेम आठवडा लोटला होता. लक्ष्मीनारायणाच्या मूर्तींची प्रतिष्ठा व्हावयाची होती. ऐनवेळी शास्त्री मंडळींनी अडचण काढली, अशी हकीगत सांगितली जाते. यजमान भंडारी, त्यांच्या हस्ते वेदोक्त प्रतिष्ठा कशी व्हावी? सर्वांसाठी बांधलेल्या देवळाच्या पहिल्याच विधीत देऊळ बांधणाऱ्यालाच पुन्हा अधिकार विचारला गेला! वेदोक्ताचा हा वाद महाराष्ट्राला नवा नव्हता. छत्रपती शाहू महाराजांनाही तो सोसावा लागला होता. शास्त्री नसतील तर केवळ भावाच्या बळावर देव बसवू, असा सावरकरांनी पवित्रा घेतला असे सांगतात. अखेर प्रतिष्ठा झाली आणि ती भागोजीशेठांच्या हस्ते झाली. भागेश्वराच्या गाभाऱ्याबाहेर हात जोडून उभ्या राहिलेल्या त्या भक्ताला त्या घटकेला काय वाटले असेल, याची कल्पना ज्याची त्याने करावी.

या मंदिरावर टीका झाली ती दुसऱ्या बाजूनेही, आणि ती अगदीच निराधार नव्हती. नवे देऊळ बांधल्याने जुन्यांची दारे उघडत नाहीत; उलट आता तुमच्यासाठी ते वेगळे देऊळ आहे, असे म्हणावयास जुन्यांना सवड मिळते. पतितपावन या नावातही एक सल आहे. ज्यांना शतकानुशतके बाहेर ठेवले ते पतित, की ठेवणारे? हा प्रश्न आम्हांसही पडतो. पण भागोजीशेठांच्या बाजूने एवढे म्हणावेच लागेल की, त्यांनी हे देऊळ इतरांसाठी वेगळे काढून दिले नाही. ते स्वतः तेथे सर्वांच्या पंक्तीला बसले, आणि पंक्तीला बसणे हे त्या काळी चेक फाडण्याइतके सोपे नव्हते. पंढरपूरच्या विठोबाचे दार हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना उपोषणास बसावे लागले ते १९४७ साली. रत्नागिरीच्या या गाभाऱ्यात तोवर सोळा वर्षे सर्व जातींचे हात देवाला फुले वाहत होते.

रत्नागिरीकडून पुन्हा आपल्या माहीम-दादरकडे यावे. शंकर हा स्मशानात राहणारा देव, हे आपण पुराणांतून ऐकतो, पण स्मशानाकडे पाठ फिरवूनच चालतो. त्या शिवाचा हा भक्त मात्र शहराला स्मशानभूमी देऊन गेला. माणसे जन्मभर ज्या पायऱ्या मोजतात त्या मृत्यूनंतरही मोजत, जातीजातींची वेगळी स्मशाने ठेवीत, अशा काळातली ही देणगी आहे. आज त्या आवारात भागोजीशेठांचा पुतळा आहे. पलीकडे समुद्र, आणि शेजारीच चैत्यभूमी, जेथील चौपाटीवर डिसेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांच्या पार्थिवाला अग्नी दिला गेला.

भागोजीशेठांचे निधन २४ फेब्रुवारी १९४१ रोजी झाले. पंचांगात त्या दिवशी माघ वद्य चतुर्दशी होती. रत्नागिरीत भागेश्वरापुढे आणि माहीमच्या देवळांत त्या रात्री जागरणाचे दिवे तेवत होते.