पॅप टेस्टचे जनक : डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप मंडळाकडून आला तेव्हा प्रथम संकोच वाटला. ज्याचे सारे आयुष्य प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून गेले, त्याने उत्सवाच्या अंकात काय लिहावे? मग वाटले, ज्या माणसाच्या नावाची तपासणी मी तीस वर्षे केली, त्याचीच ओळख करून द्यावी. पॅप टेस्ट किंवा पॅप स्मिअर हे शब्द आपल्या भगिनींनी दवाखान्यात ऐकले असतील. त्यातले पॅप म्हणजे डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ.

त्यांचा जन्म १३ मे १८८३ रोजी ग्रीसमधील युबिया बेटावरच्या किमी या गावी झाला. वडील डॉक्टर होते. मुलाने आपला दवाखाना पुढे चालवावा, अशी त्यांची इच्छा. १९०४ मध्ये जॉर्ज अथेन्सहून वैद्यकीची पदवी घेऊन आले खरे, पण त्यांचे मन संशोधनात होते. जर्मनीत जाऊन १९१० साली म्युनिक येथे त्यांनी प्राणिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी आंद्रोमाखी ऊर्फ मेरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे मोनॅकोच्या राजाच्या सागरी संशोधन मोहिमेत काम, मग बाल्कन युद्धात लष्करी सेवा, आणि ऑक्टोबर १९१३ मध्ये हे जोडपे न्यूयॉर्कला उतरले.

घर सोडून परमुलखात बस्तान बसवणे म्हणजे काय, हे आपल्या मंडळातल्या जुन्या सभासदांना सांगायला नको. दोन पदव्या असलेला हा माणूस एका मोठ्या दुकानात गालिचे विकायला उभा राहिला, आणि पत्नी त्याच दुकानात आठवड्याला पाच डॉलरवर बटणे शिवू लागली. पुढे त्यांनी उपाहारगृहात व्हायोलिन वाजवले, एका ग्रीक वृत्तपत्रात कारकुनी केली. अखेर १९१४ मध्ये कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात प्रवेश मिळाला. तिथून ते जवळजवळ अर्धशतक हलले नाहीत.

कामाची सुरुवात गिनीपिगपासून झाली. संशोधनासाठी मादीच्या पोटातले बीजांड नेमक्या वेळी हवे असे, पण ती वेळ बाहेरून कळत नसे. प्रत्येक वेळी प्राणी मारून पाहणे पापानिकोलाऊंना पटेना. त्यांनी नाक तपासायचे एक लहानसे उपकरण आणले, मादीच्या योनिमार्गातला स्राव घेतला आणि काचपट्टीवर पसरून पाहिला. त्यात पेशींची रूपे दिवसागणिक बदलत होती. शरीराच्या आत काय चालले आहे, हे गळून पडलेल्या पेशी सांगत होत्या! १९१७ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. नंतर स्त्रियांमध्येही असेच असेल का, हा प्रश्न आला. त्यासाठी पत्नी मेरी पुढे झाल्या. वर्षानुवर्षे त्यांनी स्वतःचे नमुने दिले, शिवाय पतीच्या प्रयोगशाळेत बिनपगारी राबल्या. पॅप टेस्टच्या नावात त्यांचाही वाटा आहे, असे मी मानतो.

रुग्णालयातल्या स्त्रियांचे नमुने पाहताना काही काचांवर त्यांना कर्करोगाच्या पेशी स्पष्ट दिसल्या. जानेवारी १९२८ मध्ये मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक येथे एका परिषदेत त्यांनी हे जाहीर केले. त्याच सुमारास रुमानियात ऑरेल बाबेश यांनीही वेगळ्या पद्धतीने असेच निष्कर्ष मांडले होते, हेही नमूद केले पाहिजे. पण स्वागत थंड झाले. ते व्यासपीठ कर्करोगतज्ज्ञांचे नव्हतेच. डॉक्टरांचा आक्षेपही अगदी गैरवाजवी नव्हता. गर्भाशयमुख डोळ्यांना दिसते, शंका आली तर तुकडा काढून बायोप्सी करता येते, मग सुट्या पेशी कशाला मोजायच्या? ऊतींची रचना न पाहता कर्करोगाचे निदान ही कल्पनाच त्या काळच्या पॅथॉलॉजिस्टना पटत नव्हती.

या ठिकाणी माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात आमच्याकडे ही तपासणी नव्याने सुरू झाली, तेव्हा वॉर्डातल्या डॉक्टरांचा तिच्यावर विश्वास नव्हता. एका बाईंच्या काचेवर मला संशयास्पद पेशी दिसल्या. वरिष्ठांनी पाहून रिपोर्ट दिला. तो कागद फायलीत गेला आणि तिथेच राहिला. त्या बाई पुन्हा आल्या तेव्हा आजार फार पुढे गेला होता. मी कित्येक दिवस डॉक्टरांना दोष देत राहिलो. पण त्या रिपोर्टमधली आमची भाषा त्यांना उमगेल अशी होती का? वर जाऊन दोन शब्द बोलायला मला कोणी अडवले होते का? पापानिकोलाऊंचे चरित्र मी त्यानंतर नीट वाचले, आणि पुढची वर्षे वाचताना मान खाली गेली.

कारण हा माणूस रुसून बसला नाही. दहा-अकरा वर्षे त्यांनी इतर संशोधन केले आणि काचांवरचा अभ्यासही चालू ठेवला. १९३९ मध्ये विभागाला नवे प्रमुख मिळाले, त्यांनी प्रोत्साहन दिले. मग पापानिकोलाऊंनी सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट केली. डॉक्टरांना पटवायचे तर डॉक्टरच सोबतीला हवा, हे ओळखून स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. हर्बर्ट ट्राउट यांच्याबरोबर त्यांनी काम सुरू केले. न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या स्त्रीरोग विभागात दाखल होणाऱ्या प्रत्येक स्त्रीचा स्मिअर घ्यायचा आणि संशय आल्यास बायोप्सीने पडताळायचे, असा नियम झाला. आक्षेप घेणाऱ्यांच्या हातातली बायोप्सीच त्यांनी पंच म्हणून नेमली! आणि त्यातून आक्षेपाचे उत्तर मिळाले. डोळ्यांना काहीच दिसत नाही, कुठून तुकडा काढावा तेही कळत नाही, अशा अवस्थेतला रोग काचपट्टीवर सापडत होता. १९४१ मध्ये दोघांचा लेख आला, १९४३ मध्ये पुस्तक.

पद्धतही त्यांनी कोणालाही जमेल इतकी पक्की केली. काच ओली असतानाच अल्कोहोल-ईथरमध्ये बुडवायची, म्हणजे पेशी सुकून बिघडत नाहीत. मग रंग द्यायचे. केंद्रक निळे उठून दिसते, वरच्या थरातल्या पक्व पेशी गुलाबी-केशरी, खालच्या हिरवट-निळ्या. रिपोर्टसाठी पाच वर्ग ठरवले, पहिला निर्धोक आणि पाचवा कर्करोगाचा. स्मिअर ही चाळणी आहे, अंतिम निकाल बायोप्सीचा, ही मर्यादा त्यांनी कधी लपवली नाही. मला वाटते, डॉक्टरांचा विश्वास बसला तो यामुळेच. पुढे त्यांनी देशोदेशीच्या डॉक्टरांना शिकवले आणि १९५४ मध्ये पेशींच्या चित्रांचा मोठा अ‍ॅटलास काढला.

१९५० मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला, नोबेल मात्र मिळाले नाही. १९६१ मध्ये ते मायामीच्या कर्करोग संस्थेची धुरा घ्यायला गेले आणि काही महिन्यांतच, १९ फेब्रुवारी १९६२ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. ज्या देशांनी ही तपासणी नियमितपणे राबवली, तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू निम्म्याहूनही खाली आले.

आता आपल्या मातीतली गोष्ट. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीचे कर्करोग रुग्णालय व मुंबईचे टाटा मेमोरियल यांच्या सहभागाने एक मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. एका गटाची पॅप टेस्ट, दुसऱ्याची व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणी, तिसऱ्याची एचपीव्ही विषाणूची तपासणी, आणि चौथ्या गटाची नेहमीसारखीच देखभाल. २००९ मध्ये निकाल आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्याने घटले. एकदाच केलेल्या पॅप टेस्टने तसा ठोस फरक दिसला नाही. ती तपासणी तयार डोळे मागते आणि ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते.

आयुष्यभर स्मिअर तपासलेल्या मला तो निकाल वाचून क्षणभर वाईट वाटले. या वेळी साशंक होऊन बसलेला मीच होतो! पण पापानिकोलाऊ असते तर त्यांनी आधी आकडे तपासले असते आणि खरे निघाल्यावर मान्य केले असते, असे माझे मन मला सांगते. त्यांनीही डॉक्टरांकडे एवढेच मागितले होते.

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार आपल्या देशात वर्षभरात सुमारे सव्वा लाख स्त्रियांना हा रोग झाला आणि जवळपास ८० हजार दगावल्या. लवकर सापडला तर बहुधा पूर्ण बरा होणारा हा रोग आहे. म्हणून मंडळातल्या तिशी ओलांडलेल्या सर्व भगिनींना हात जोडून विनंती, की पॅप असो वा एचपीव्ही, डॉक्टरांना विचारून तपासणी करून घ्या, आणि रिपोर्ट हाती आला की तो घेऊन डॉक्टरांकडे जा. फायलीत राहिलेला एक कागद मला आजही आठवतो. तसा दुसरा कुणाच्या घरी राहू नये, हीच विघ्नहर्त्याच्या चरणी प्रार्थना.