शेपटीवाचून उडालेले विमान

आमच्या रत्नागिरीत रत्नदुर्गाच्या तटावर उभे राहिले की घार वरून पाहायला मिळते. ती डोक्यावर नसते, आपल्या पायांखाली समुद्रावर तरंगत असते. पंख स्थिर, पण शेपूट सारखी इकडे-तिकडे पिळत असते. विमानालाही तोल सावरायला शेपटी लागते. तीच काढून टाकायचा हट्ट धरणारा एक माणूस विमानविद्येच्या बाल्यावस्थेत होऊन गेला. त्याचे नाव जॉन विल्यम डन.

डन यांचा जन्म १८७५ चा, आयर्लंडमधल्या लष्करी छावणीतला. वडील सेनाधिकारी. मुलगाही सैन्यात गेला, पण बोअर युद्धातून विषमज्वर घेऊन परतला. पुढे हृदयविकारही निघाला. त्या काळी वाऱ्याच्या एका झोताने विमाने उलटत आणि माणसे मरत. डन यांना वेगाची हौस नव्हती. वैमानिकाने हात सोडले तरी कोसळणार नाही, असे विमान त्यांना हवे होते.

त्यांनी पंख बाणाच्या टोकासारखे मागे वळवले आणि कडेला हलकासा पीळ दिला. मागे गेलेली ती टोकेच शेपटीचे काम करू लागली. (वहीचे पान फाडून पोरे जो बाण उडवतात, त्यालाही शेपूट कुठे असते?) १९८९ मध्ये उडालेल्या अमेरिकेच्या बी-२ लाही शेपटी नाही, पण त्याचा तोल संगणक सांभाळतो. डन यांच्यापाशी होते लाकूड, कापड आणि तारा.

१९०७ साली स्कॉटलंडमधल्या ब्लेअर अॅथलच्या डोंगरात लष्कराने गुपचूप चाचणी घेतली. इंजिनाविना सोडलेले यान आठ सेकंद उडाले आणि भिंतीवर आदळले. १९०९ मध्ये सरकारने पैसा थांबवला. मग हितचिंतकांनी भांडवल जमवून कंपनी काढली.

आणि २० डिसेंबर १९१० चा तो दिवस! इंग्लंडमधल्या ईस्टचर्चला साक्षात ऑर्व्हिल राइट पाहायला आले होते. हवेत असताना डन यांनी दांड्यांवरचे दोन्ही हात काढले आणि कागदावर चक्क टिपणे लिहिली. दुखऱ्या काळजाच्या माणसाचे हे धाडस मला राइट बंधूंच्या उड्डाणाइतकेच मोठे वाटते.

१९१३ मध्ये एका फ्रेंच अधिकाऱ्याने त्यांचे विमान इंग्लिश खाडीपार पॅरिसजवळ नेले. कॅनडाच्या सैन्याचे पहिले विमानही, १९१४ चे, याच घडणीचे. पण युद्धात ते उडालेच नाही. लढाईला झटकन वळणारे विमान हवे होते आणि डन यांचे विमान स्वभावानेच सरळमार्गी!

प्रकृतीने त्यांना विमाने सोडायला लावली. ते मासेमारीत रमले, त्यावर पुस्तक लिहिले. १९२७ मध्ये स्वप्ने आणि काळ यांवरचे पुस्तक आले, ते खूप गाजले. १९४९ मध्ये डन वारले, तेव्हा बहुतेकांना ठाऊक होते ते स्वप्नांचे लेखक म्हणूनच.