श्वासामागचे गणित मांडणारे बॉइल

रॉबर्ट बॉइल यांचा जन्म १६२७ मध्ये आयर्लंडमधील एका श्रीमंत उमरावाच्या घरी झाला. प्रकृती कायम नाजूक. ऑक्सफर्डमध्ये रॉबर्ट हूक यांच्या मदतीने त्यांनी हवेचा पंप बनवला. काचेच्या भांड्यातली हवा काढली की आतला पक्षी तडफडून मरे. प्रयोग क्रूरच! १६६२ मध्ये त्यांनी नियम प्रसिद्ध केला : तापमान तेच राहिले, तर बंदिस्त हवेचे आकारमान वाढताच तिचा दाब घटतो.

आपला श्वास यावरच चालतो. फुप्फुसे स्वतःहून फुगत नाहीत. श्वासपटल खाली सरकते, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीची पोकळी वाढते. तिच्यासोबत फुप्फुसे ताणली जातात, आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित उतरतो आणि हवा आत शिरते. स्नायू सैलावले की उलटे घडते.

बॉइल अविवाहितच राहिले. १६९१ मध्ये बहिणीच्या निधनानंतर आठवडाभराने लंडनमध्ये त्यांनी अखेरचा श्वास घेतला.