बाळू पालवणकर

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे चर्मकार समाजात झाला. पुण्यातील गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची निगा राखता राखता ते साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करीत. त्यांची डावखुरी फिरकी पाहून हिंदू संघाने त्यांना घेतले खरे. पण चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून मिळे.

त्या काळी मुंबईचे सामने धर्मवार होत. युरोपियन, पारशी, हिंदू आणि १९१२ पासून मुस्लिम, असे संघ असत. प्रेक्षकही आपापल्या जमातीचा जयजयकार करीत. १९०६ साली बाळूंच्या गोलंदाजीने हिंदूंनी युरोपियनांना हरविले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही जात आडवी आली व कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९२३ मध्ये तो मान धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला आणि विजयानंतर लोकांनी त्यांना खांद्यावर घेतले.

पुढे राजकारणामुळे जमातींतील तेढ वाढली. १९४० मध्ये गांधीजींनी या सामन्यांविषयी नापसंती दर्शविली. सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी संपादक असलेल्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’नेही विरोध केला. १९४६ नंतर ही स्पर्धा बंद पडली. १९५५ साली बाळू निवर्तले.

धर्माच्या नावाने उभा राहिलेला संघ आपल्याच खेळाडूला बरोबरीने चहा देऊ शकला नाही, हे पालकांनीही ध्यानात घ्यावे. सोनईच्या मैदानावर आपल्या मुलांनी टाळी वाजवावी ती उत्तम खेळाला. खेळाडूचे नाव कोणतेही असो.