रोजच्या कामातली भक्ती : लक्ष्मीबाई टिळक यांचे जीवन

गिरमिटावर अंगठा उमटवून जे लोक मुंबई बंदरातून जहाजावर चढले, त्यांत रत्नागिरी, सावंतवाडी या भागांतली मराठी माणसे पुष्कळ होती. जहाजावर चढताच त्यांच्या आयुष्यातला एक जुना नियम मोडला. एका हंडीत शिजलेले सर्वांनी खाल्ले, एका पिंपातले पाणी सर्वांनी प्याले. कोणाच्या हातचे चालते आणि कोणाच्या हातचे नाही, हा प्रश्न समुद्रानेच सोडवला. आपल्या आगमनाच्या या स्मरणिकेत मी अशा एका बाईची गोष्ट सांगणार आहे, जिने हेच अंतर घरात, चुलीपाशी बसून ओलांडले. त्या म्हणजे लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर येथे गोखले यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, घरात सगळे मनू म्हणत. वडिलांचे सोवळे फार कडक. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. मुलांनी कोणाला शिवले की अंघोळ ठरलेली. त्या धाकात मनू वाढली. अकराव्या वर्षी तिचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले. टिळक मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. पुढे ते मोठे कवी म्हणून महाराष्ट्राला माहीत झाले. लग्नाच्या वेळी लक्ष्मीबाईंना अक्षरओळख नव्हती. वाचायला त्यांना नवऱ्यानेच शिकवले. शाळेची पायरी न चढलेली ही बाई पुढे मराठीतले एक उत्तम आत्मचरित्र लिहून गेली, हे आम्हा शिक्षकांनी नेहमी लक्षात ठेवावे असे आहे.

टिळकांचा स्वभाव मोठा विलक्षण. आज या गावी तर उद्या त्या गावी. हातात पैसा आला की कोणा गरजवंताला देऊन मोकळे. संसार चालवायचा तो लक्ष्मीबाईंनीच. त्यातच १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्या काळी ब्राह्मण घरात असे घडणे म्हणजे जिवंत माणूस मेल्यासारखे होते. लक्ष्मीबाईंच्या पदरी दत्तू नावाचा लहान मुलगा. नवरा जिवंत, पण त्याच्याकडे जाता येत नाही. सुमारे पाच वर्षे त्या नातेवाइकांच्या आश्रयाने दूर राहिल्या. रडून रडून आजारी पडल्या. तरी टिळकांची पत्रे येत राहिली आणि दोघांमधला धागा तुटला नाही.

शेवटी त्या मुलाला घेऊन नवऱ्याकडे नगर जिल्ह्यात राहायला गेल्या, पण आपला धर्म सोडून नव्हे. त्यांनी आपली चूल वेगळी मांडली, आपले पाणी वेगळे ठेवले, आपले देव सांभाळले. टिळकांनी त्याला हरकत घेतली नाही आणि कधी बळजबरीही केली नाही. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. नवरा धर्मोपदेशक, बायको सोवळ्यातली, आणि एकाच छपराखाली दोघांचा मान राखला जातो! त्या काळात असे घर विरळाच.

पुढे लक्ष्मीबाईंच्या मनात हळूहळू एक विचार शिरला. माणसे जन्मतात सारखी, मरतात सारखी. तहान सर्वांना एकच लागते. मग ही उच्चनीचता देवाने केलेली कशी असेल? ती माणसांनीच केली असणार. हे पटले त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खायचे, असे त्यांनी ठरवले. लहानपणापासून अंगात मुरलेली शिवाशिव त्यांनी अशी स्वतःच्या विचाराने काढून टाकली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे त्यांची चूल आधी बदलली आणि नाव नंतर बदलले. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो.

यापुढचे त्यांचे आयुष्य म्हणजे कामाची न संपणारी रांग. टिळकांनी अनाथ, गरीब मुले घरी आणायची आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना जेवू घालायचे, न्हाऊ घालायचे, वाढवायचे. घरात किती माणसे जेवायला असतील याचा सकाळी अंदाज नसायचा. नगरला प्लेगची साथ आली तेव्हा घाबरून दूर न पळता त्या आजाऱ्यांच्या सेवेला लागल्या. ज्या बाईला बालपणी शेजाऱ्याच्या स्पर्शाचीही भीती घातली होती, ती आता परक्याची शुश्रूषा करत होती. धर्म बदलल्याने त्यांच्यात नेमके काय बदलले, याचे उत्तर येथे मिळते.

बदलले नाही तेही सांगायला हवे. भाषा बदलली नाही, लुगडे बदलले नाही, ओवी बदलली नाही. टिळकांनी ख्रिस्ती भक्ती अभंगांत आणली, कीर्तनात आणली. ख्रिस्ती झाले म्हणजे साहेबासारखे व्हायला हवे, हे दोघांनाही मान्य नव्हते. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले. त्यांनी ख्रिस्तचरित्राचे ‘ख्रिस्तायन’ हे मोठे काव्य लिहायला घेतले होते, ते पहिल्या काही अध्यायांवरच थांबले. लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय लिहून ते पुरे केले. जोडाक्षरांशी झगडणाऱ्या बाईने केवढे हे काम उचलले!

वैधव्यातही त्या कोणावर भार होऊन बसल्या नाहीत. मुंबईत मुलींच्या वसतिगृहावर देखरेख केली. काही काळ मुलाच्या कुटुंबाबरोबर कराचीला राहिल्या. वडिलांच्या चरित्रासाठी मुलाने आठवणी मागितल्या, आणि त्यातून ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक घडले. ते १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. एवढी दुःखे सोसून त्या सांगतात मात्र हसत हसत, आणि सर्वांत जास्त हसतात त्या स्वतःलाच. १९३३ साली नागपूरच्या कविसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. ज्यांच्या घरी आता मराठी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी शांता गोखले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१७ साली निघाला आहे. तो मुलांच्या हाती जरूर द्यावा.

मी दोहा येथे लहान मुलांना शिकवते. माझ्या वर्गात अनेक देशांची आणि अनेक धर्मांची मुले शेजारी शेजारी बसतात. कतारमध्ये परधर्मीयांना आपल्या धर्माचा प्रचार करता येत नाही. ख्रिस्ती मंडळींची उपासना मेसैमीर भागातल्या ठरलेल्या आवारात होते, आणि सुट्टीचा दिवस शुक्रवार असल्याने तेथे शुक्रवारी मोठी गर्दी असते. आवाराबाहेर आल्यावर मात्र माणसाची श्रद्धा बोलण्यातून दाखवायची सोय नाही. ती दिसते फक्त वागण्यात : मजुराशी आपण कसे बोलतो, घरात काम करणाऱ्या बाईला जेवण कोणत्या ताटात वाढतो, आजारी शेजाऱ्याच्या दाराशी जातो की नाही. लक्ष्मीबाईंची भक्ती अशीच स्वयंपाकघरात आणि आजाऱ्याच्या खाटेपाशी दिसली.

या स्मरणिकेचे बहुतेक वाचक हिंदू आहेत, काही ख्रिस्ती आहेत. आपल्या पूर्वजांनी आणि लक्ष्मीबाईंनी एकच गोष्ट दोन वाटांनी केली. जे माणसाला माणसापासून तोडते ते मागे टाकले आणि जे मायेने जवळ आणते ते सांभाळले. पूर्वजांना ते जहाजाने करायला लावले. लक्ष्मीबाईंनी ते आपणहून केले. आपल्या पुढे जहाज नाही आणि सक्तीही नाही. म्हणून आपल्या ताटापासून, आपल्या उंबरठ्यापासून सुरुवात करायची ती आपणच.