बेन होगन : पुन्हा उभा राहिलेला खेळाडू

२ फेब्रुवारी १९४९ ची सकाळ. अमेरिकेतील टेक्सास राज्यात व्हॅन हॉर्न गावाजवळ दाट धुके पसरले होते. गोल्फपटू बेन होगन आपली पत्नी व्हॅलरी हिला घेऊन मोटारीने फोर्टवर्थला घरी निघाला होता. अचानक समोरून, दुसऱ्या वाहनाला ओलांडून, एक मोठी प्रवासी बस त्यांच्याच बाजूने चालून आली. बाजूला होण्यास जागा नव्हती. त्या क्षणी बेनने एकच केले : स्टिअरिंग सोडून त्याने पत्नीला वाचवण्यासाठी तिच्यावर झेप घेतली. धडकेने स्टिअरिंगचा दांडा त्याच्या आसनात घुसला. तो जागेवर बसून राहिला असता तर वाचला नसता. पत्नीला वाचवायला गेला, आणि त्यामुळेच स्वतःही वाचला.

कोण होता हा बेन होगन? १३ ऑगस्ट १९१२ रोजी टेक्सासमधील स्टीफनव्हिल येथे त्याचा जन्म झाला. वडील लोहार होते. बेन नऊ वर्षांचा असताना, १९२२ मध्ये, वडिलांनी स्वतःवर गोळी झाडून जीवन संपवले. घर उघड्यावर आले. आई मुलांना घेऊन फोर्टवर्थ शहरात राहत होती. लहानगा बेन रेल्वे स्टेशनवर वर्तमानपत्रे विकायचा. पुढे अकराव्या वर्षी तो ग्लेन गार्डन क्लबमध्ये कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहणारा पोऱ्या, म्हणून लागला. इतरांची ओझी वाहता वाहता तो खेळ शिकला.

१९३० साली, सतराव्या वर्षी, तो व्यावसायिक खेळाडू बनला. मात्र यश लगेच आले नाही. पैसे संपले की घरी परतायचे, मिळेल ते काम करून चार पैसे गाठीला बांधायचे आणि पुन्हा स्पर्धेला जायचे, असे अनेकदा घडले. १९३५ साली व्हॅलरी फॉक्सशी त्याचे लग्न झाले. ओढगस्तीच्या दिवसांत ती त्याच्यासोबत गावोगाव हिंडली. त्याचा चेंडू सारखा डावीकडे वळून भरकटायचा. हा दोष काढण्यासाठी तो तासन् तास सराव करायचा. सामना संपल्यावर इतर खेळाडू विश्रांतीला जात, तेव्हा हा पुन्हा मैदानावर दिसे. एकट्याच्या बळावर पहिली व्यावसायिक स्पर्धा जिंकायला १९४० साल उजाडले. पण त्यानंतर त्याने लागोपाठ आणखी दोन जिंकल्या. युद्धकाळात त्याने हवाई दलात नोकरी केली आणि परतल्यावर १९४६ ते १९४८ या काळात तीन मोठ्या स्पर्धा जिंकल्या. तो यशाच्या शिखरावर असतानाच तो अपघात झाला.

कमरेचे हाड दोन ठिकाणी मोडले होते. गळ्याजवळचे हाड, डावा घोटा, बरगडी यांनाही इजा झाली होती. त्याला एल पासो येथील ओतेल द्यू रुग्णालयात नेण्यात आले. हे रुग्णालय संत विन्सेंट डी पॉल यांच्या परंपरेतील धर्मभगिनी चालवत असत. काही दिवसांनी पायात रक्ताच्या गाठी झाल्या व एक गाठ फुप्फुसापर्यंत पोहोचली. तेव्हा न्यू ऑर्लिन्सचे नामांकित शल्यविशारद डॉ. ऑक्सनर यांना लष्करी विमानाने आणण्यात आले. त्यांनी पायांकडून हृदयाकडे रक्त नेणारी मुख्य नीला बांधून टाकली. जीव वाचला, परंतु पायांचे रक्ताभिसरण कायमचे मंदावले. तो पुन्हा खेळणे तर सोडाच, नीट चालू शकेल की नाही याचीच शंका होती.

एप्रिलमध्ये घरी आल्यावर बेनने घरातल्या घरात फेऱ्या मारायला सुरुवात केली. मग अंगण, मग रस्ता. जानेवारी १९५० मध्ये, अपघातानंतर अकरा महिन्यांनी, तो लॉस एंजेलिसच्या स्पर्धेत उतरला. तेथे सॅम स्नीडशी त्याची बरोबरी झाली. निर्णायक फेरी मात्र तो हरला. जून महिन्यात मेरियन येथे अमेरिकन ओपन स्पर्धा झाली. तेव्हा शेवटच्या दिवशी एकाच दिवसात ३६ होल खेळावे लागत. रोज तो गरम पाण्यात पाय शेकायचा, दोन्ही पायांना पट्ट्या गुंडाळायचा आणि मैदानात यायचा. त्या दिवशी वेदनांनी त्याचे पाऊल उचलत नव्हते, तरी तो थांबला नाही. तिघांची बरोबरी झाली. दुसऱ्या दिवशी, रविवारी, पुन्हा १८ होल खेळून त्याने लॉइड मँग्रम व जॉर्ज फाझिओ यांना हरवले.

यानंतर तो वर्षाला मोजक्याच स्पर्धा खेळू शकला. १९५३ साली तो फक्त सहा स्पर्धा खेळला आणि त्यांतल्या पाच जिंकल्या. मास्टर्स व अमेरिकन ओपन जिंकून तो स्कॉटलंडमधील कार्नूस्टी येथे ब्रिटिश ओपनसाठी गेला. गोल्फमध्ये कमी फटके मारणारा जिंकतो. तेथे चार फेऱ्यांत त्याने ७३, ७१, ७० व ६८ फटके घेतले. दर फेरीत सुधारणा! शेवटच्या दिवशी तर तो तापाने आजारी होता. तो परतला तेव्हा न्यूयॉर्कमध्ये त्याची भव्य मिरवणूक निघाली. आपल्या आयुष्यात नऊ सर्वांत मोठ्या स्पर्धा त्याने जिंकल्या. त्यांपैकी सहा अपघातानंतरच्या आहेत.

बेन मितभाषी होता. काहींना तो तुसडाही वाटे. १९५७ साली आलेले त्याचे गोल्फ शिकवणारे पुस्तक मात्र पुढेही खेळाडू आवडीने वाचत राहिले. २५ जुलै १९९७ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, फोर्टवर्थ येथे त्याचे निधन झाले. व्हॅलरी तोपर्यंत त्याच्या सोबत होती.

वाचकहो, बेनचे चषक संग्रहालयांत पाहता येतात. पण धुक्यातल्या त्या सकाळी त्याने पत्नीसाठी घेतलेल्या झेपेला कोणी चषक दिला नाही. पुढची ४८ वर्षे दोघांना एकमेकांची सोबत लाभली, ती मात्र त्या झेपेमुळेच.