रोखे जळाले, हिशेब राहिला

बाजाराला जाताना पाकिटात किती पैसे होते आणि येताना पिशवीत काय आलं, हे कळायला कुठल्या बाईला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. २०१५ साली तूरडाळ किलोला दोनशे रुपयांपर्यंत गेली, तेव्हा आपण आमटीत पाणी वाढवलं. २०२३ च्या पावसाळ्यात टोमॅटोनं शंभरी ओलांडली, तेव्हा आमसुलावर भागवलं. बारामती-इंदापूरकडच्या शेतकरणीचं दुखणं तर दुहेरी. कांदा शेतातून निघतो तेव्हा भाव पडलेला असतो, आणि घरातला कांदा संपला की तोच बाजारातून दुपटीनं आणावा लागतो. विकताना स्वस्त, घेताना महाग! मग एसटीत, नळावर, बचत गटाच्या बैठकीत एकच प्रश्न निघतो. हे सरकार करतंय तरी काय?

हाच प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी बारामती तालुक्यातल्या सुप्यानं विचारला होता. तिथं तो रागानं विचारला गेला. पुण्यात बसलेल्या एका माणसानं मात्र तोच प्रश्न कागद-पेन्सिल घेऊन, आकडे मांडून आयुष्यभर विचारला. तो माणूस म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. समाजसुधारक म्हणून आपण त्यांना ओळखतो, विधवाविवाह आणि प्रार्थना समाज शाळेत पाठ केलेला असतो. पण गरिबाच्या घरात पैसा का टिकत नाही, या प्रश्नाचा त्यांनी किती पाठपुरावा केला, ते फारसं सांगितलं जात नाही.

माधवरावांचा जन्म १८ जानेवारी १८४२ चा, नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा. बालपण कोल्हापुरात गेलं. पुढं मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये शिकले. १८६२ साली मुंबई विद्यापीठातून बी. ए. झालेल्या पहिल्यावहिल्या मुलांमध्ये ते होते. वाचून वाचून डोळे अधू झाले, तरी वाचन काही सुटलं नाही. कायद्याची पदवी घेतली आणि १८७१ साली न्यायाधीश म्हणून पुण्याला आले.

पुण्यात त्यांना जोडीदार भेटले ते गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका. काकांनी १८७० साली सार्वजनिक सभा काढली होती. लोकांचं गाऱ्हाणं सरकारच्या कानावर घालणं, हे तिचं काम. काका बोलके, धडाडीचे, अंगावर स्वदेशी जाडंभरडं कापड घालून हिंडणारे. माधवराव शांत, सरकारी नोकरीत असल्यामुळं मागं राहून लिहिणारे. १८७२ साली सभेनं दख्खनच्या शेतकऱ्याची चौकशी हाती घेतली. सारा किती, पीक किती, कर्ज किती, घरात उरतं काय, अशी ती चौकशी होती.

आणि त्या वेळी बारामती-इंदापूरच्या घराघरात काय चाललं होतं?

इंदापूर तालुका म्हणजे कमी पावसाचा, कोरडवाहू मुलूख. इंग्रजांनी १८३६ साली इथंच नवी मोजणी करून तीस वर्षांसाठी सारा ठरवला. सुरुवातीला तो हलका होता. पडीक जमिनी पुन्हा लागवडीखाली आल्या. मग १८५८ साली रेल्वे पुण्याहून दिक्सळपर्यंत आली. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडला जाईना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेतकऱ्याच्या हातात पैसा खेळायला लागला, सावकार न मागता कर्ज द्यायला लागले. युद्ध संपलं आणि कापसाचे भाव कोसळले. हळूहळू ज्वारी-बाजरीही उतरली. नेमकी त्याच सुमाराला तीस वर्षांची मुदत संपली. १८६७ साली इंदापूरचा सारा नव्यानं ठरला, तो तेजीतले भाव धरून. म्हणजे धान्याला भाव नाही आणि सारा मात्र वाढीव, तोही रोख रकमेत!

हप्ता भरायला घरात पैसे नसले की सावकाराचं दार. सावकार कागद पुढं करायचा. शेतकरी अडाणी, तो त्यावर नांगराची निशाणी काढून द्यायचा. त्या कागदावर काय लिहिलंय, घेतले किती, फेडले किती, हे सगळं दुसऱ्याच्या वहीत. मुद्दलाच्या कितीतरी पट व्याज भरूनही कर्ज फिटायचं नाही. मग कोर्टाचा हुकूमनामा यायचा आणि बैल, भांडी, शेवटी जमीन जायची.

१८७४ च्या अखेरीला शिरूर भागातल्या करड्याच्या गावकऱ्यांनी सावकारावर बहिष्कार घातला. पाणी नाही, न्हावी नाही, कामाला माणूस नाही. पुढं १२ मे १८७५ ला सुप्याच्या आठवडी बाजारात आसपासच्या गावांची माणसं जमली आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेली. धान्य-कापड लुटलं गेलं हे खरं, पण लोकांचा खरा रोख होता तो रोख्यांवर आणि वह्यांवर. त्यांची होळी झाली. माणसं मारण्याकडं जमावाचा कल नव्हता. सावकारानं कागद आपणहून काढून दिले, की बहुतेक ठिकाणी त्याला इजा होत नसे. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. सरकारनं साडेनऊशेच्या आसपास लोकांना धरलं आणि पाचशेजणांना शिक्षा झाल्या. विचार करा, तेवढ्या घरांतल्या बायकांनी त्या वर्षी पेरणी कशी केली असेल!

सरकारनं चौकशी आयोग नेमला. सावकार लबाड आणि शेतकरी उधळा, लग्नकार्यात पैसे उडवतो, अशी सरकारातल्या अनेकांची समजूत होती. माधवरावांचा हिशेब वेगळा होता. सावकारानं गैरफायदा घेतला हे त्यांना नाकारायचं नव्हतं. पण मूळ दुखणं त्यांच्या मते पुढचं होतं. पीक येवो न येवो, सारा रोख आणि वेळेवर भरायचा. सावकाराशिवाय कर्ज देणारं दुसरं कोणी नाही. गावातले हातमाग आणि कारागिरी बसत चाललेली, म्हणून सगळा भार एका जमिनीवर. म्हणजे राग जवळच्या दुकानदारावर निघाला, तरी हिशेब वर, राज्यकर्त्यांकडं मागायला हवा होता.

पाठोपाठ १८७६ चा दुष्काळ आला. काल जे धान्य मातीमोल विकलं, तेच आता घेता येईना. दुष्काळी कामावर माणसं खडी फोडायला गेली. १८७७ च्या सुरुवातीला सरकारनं मजुरी इतकी खाली आणली, की दिवसभर राबणाऱ्या पुरुषाला साधारण साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर थोडेसे पैसे मिळायचे. बाईला त्याहून कमी. लोकांनी काम सोडलं. तिकडं दिल्लीत त्याच जानेवारीत राणीच्या नावानं थाटात दरबार भरला होता. सार्वजनिक काका त्या दरबाराला जाड्याभरड्या खादीत जाऊन बसले. इकडं सभेची माणसं गावोगाव फिरून कुठं किती पीक बुडालं, कोण गाव सोडून गेलं, याची टिपणं करत होती आणि ते अहवाल सरकारपुढं जात होते. दुष्काळ कुठं आहे, असं म्हणायची सोय सरकारला राहिली नाही. बारामती-इंदापूरला पाणी देणारा नीरा डावा कालवाही त्याच दुष्काळी कामांतून सुरू झाला आणि १८८५ साली वाहू लागला.

याची किंमत माधवरावांना मोजावी लागली. त्यांची बदली नाशिकला झाली. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं, पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाड्याला आग लागली. आग लावणारा रानडे आडनावाचा निघाला, एवढ्यावरून संशयाची नजर माधवरावांकडं वळली आणि त्यांना धुळ्याला पाठवलं. तिथं त्यांची टपाल फोडून पाहिली जायची. बंडाच्या गोष्टी लिहिलेली बनावट पत्रंही यायची. ती ते शांतपणे सरकारी अधिकाऱ्यांकडं पाठवून देत.

हे आपल्याला कळतं ते रमाबाईंमुळं. त्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय माधवरावांचं चरित्र पुरं होत नाही. आणि इथं माधवरावांच्या पदरात एक उणंही टाकावं लागतं. १८७३ साली पहिली पत्नी सखूबाई वारल्या. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या माणसानं वडिलांच्या आग्रहापुढं मान तुकवली आणि त्याच वर्षी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. सुधारक मित्र नाराज झाले, विरोधक हसले. ती मुलगी म्हणजे देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची यमुना, पुढच्या रमाबाई. त्यांना अक्षरओळखही नव्हती. माधवरावांनी स्वतः शिकवायला घेतलं. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी टोमणे मारले, अबोला धरला. रमाबाईंनी ते सोसलं, पण पाटी सोडली नाही. कागदावर काय लिहिलंय हे न कळणारा शेतकरी कसा नागवला जातो, ते माधवराव कोर्टात रोज पाहत होते. घरातल्या बाईलाही लिहिता-वाचता यायला हवं, हे त्यांना वेगळं सांगायला नको होतं.

त्याच १८७९ साली सुप्याच्या आगीतून एक कायदा निघाला, दख्खन शेतकरी साहाय्य कायदा. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. कोर्टानं नुसता रोखा न पाहता मुळात किती दिले, किती फिटले, हे खोदून पाहायचं ठरलं. रोखा निबंधकासमोर लिहायचा, पैसे मिळाले की पावती द्यायची. १८८१ साली या कायद्याची कोर्टं तपासायच्या कामावर माधवरावांचीच नेमणूक झाली. बैलगाडीनं, तंबू ठोकत गावोगाव फिरती असायची आणि रमाबाई बरोबर असायच्या. पुढं १८८७ साली ते या कायद्याचे विशेष न्यायाधीश झाले.

कायद्यानं सगळं सुधारलं का? नाही. सावकारांनी पळवाट काढली, कर्जाचा कागद न करता थेट खरेदीखत लिहून घ्यायला लागले. काहींनी कर्ज देणंच आखडलं. स्वस्त कर्जाची दुसरी सोय नसेल तर कायदा अपुरा पडणार, हे माधवराव सांगत आले होते. वेडरबर्नसाहेबांनी शेजारच्या पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढायची योजना आखली, माधवराव त्या विचाराचे पाठीराखे. पण लंडनहून नकार आला. सहकारी पतपेढ्यांचा कायदा व्हायला १९०४ साल उजाडलं. आज गावातल्या विकास सोसायटीतून पीककर्ज उचलताना ही जुनी खटपट आठवायला हरकत नाही.

१८८६ साली सरकारचा खर्च कुठं कमी करता येईल हे पाहणाऱ्या समितीवर त्यांना घेतलं. ज्याची टपाल फोडली, त्यालाच आता सरकारच्या खर्चाच्या वह्या उघडून द्याव्या लागल्या! त्या निमित्तानं दोघं कलकत्त्यालाही राहिली. तिथं दाढी करायला येणाऱ्या न्हाव्याला अडलेले शब्द विचारत माधवराव बंगाली वाचायला शिकले, ही रमाबाईंनी सांगितलेली आठवण प्रसिद्धच आहे. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. इंग्लंडच्या पुस्तकातले नियम आपल्या देशाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, इथं कारखाने निघायला सरकारनं हात द्यायला हवा, हा त्याचा गाभा. १८९३ साली ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि १६ जानेवारी १९०१ ला मुंबईत गेले. रमाबाई तेव्हा एकोणचाळिशीही पुऱ्या नव्हत्या. दुःख बाजूला ठेवून त्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं केलं आणि कितीतरी बायकांना शिकवून स्वतःच्या पायावर उभं केलं.

सुप्याचा राग खोटा नव्हता. तो पेटला नसता तर कायदाही इतक्या लवकर झाला नसता. पण नुसता राग असता, तर चार दिवसांनी नवे रोखे लिहिले गेले असते. त्या रागाच्या मागं आकडे घेऊन कुणीतरी चिकाटीनं उभं राहिलं, म्हणून सरकारला उत्तर द्यावं लागलं.

आपल्यापैकी बऱ्याचजणींच्या घरी किराणा-दूध-गॅसची वही असते. महिना संपला की आपण ती फेकून देतो. यंदा फेकू नका. वर्षभराचे भाव एका पानावर उतरवून काढा, शेजारी घरच्या मालाला मिळालेला भाव लिहा आणि ते पान पुढच्या ग्रामसभेला बरोबर न्या. मत मागायला दारात कुणी आलं, तर त्याच्यापुढंही तेच पान ठेवा.